भूमीचा वांटा

आगगाडी नव्हती त्या काळीं मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडींत बसून खाडीच्या वाटेनें पनवेलच्या बंदरास उतरत असे, आणि तेथून पुढें बोरघाटाचा रस्ता धरीत असे. आज त्याच पनवेलच्या खाडीकांठीं विमानतळ उभा आहे. त्याचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें. या विमानतळाला नांव कोणाचें द्यावें, हा प्रश्न २०२१ सालीं निघाला, तेव्हां पनवेल, उरण व ठाणें बेलापूर पट्टींतील हजारों माणसें हातांत हात गुंफून रस्त्याच्या कडेला उभीं राहिलीं. त्यांनीं जें नांव पुढें केलें तें राजाचें नव्हतें, सेनापतीचें नव्हतें, धनिकाचेंहि नव्हतें. तें एका वकिलाचें नांव होतें. पुढें २०२२ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तेंच नांव विमानतळास द्यावें असा ठराव केला. तें नांव म्हणजे दिनकर बाळू पाटील. पनवेलचीं माणसें त्यांना ‘दि. बा.’ याच दोन अक्षरांनीं ओळखीत.

वकिलाबद्दल शेतकऱ्याला सहसा प्रेम नसतें. कोर्टाची पायरी, कागदाचा खर्च, तारखेमागून तारीख, हाच त्याचा अनुभव असतो. असें असतां एका वकिलाच्या नांवासाठीं शेतकऱ्यांच्या दोन पिढ्यांनीं इतका हट्ट कां धरावा, याचा शोध आजच्या भाषणांत घ्यावयाचा आहे. त्यासाठीं प्रथम ज्या जमिनीवरून हें सारें भांडण झालें, त्या जमिनीची ओळख करून घेतली पाहिजे.

पनवेल आणि उरण या दोन तालुक्यांची पश्चिम बाजू म्हणजे खाड्यांचा प्रदेश. भरतीला पाणी आंत यावें, ओहोटीला मागें चिखल उरावा, अशी ही भूमि. या चिखलाला येथील माणसानें मातीचे बांध घातले, पावसाच्या गोड्या पाण्यानें वर्षानुवर्षें त्यांतलें मीठ धुऊन काढलें, आणि तेव्हां कोठें त्या खारवटींत खारेपणा सोसणारें तांबडें भात उगवूं लागलें. असा बांध एकट्यादुकट्याला राखतां येत नाहीं. एके ठिकाणीं खिंड पडली कीं सगळ्या गांवाच्या शेतांत खारें पाणी शिरतें. म्हणून बांधाची राखण गांवानें मिळून करावयाची, ही येथली जुनी रीत. जेथें भात होत नसे तेथें मिठागरें घातलीं जात. ‘आगर’ या शब्दावरूनच आगरी हें नांव आलें असें मानतात. तात्पर्य, येथील पुष्कळशी जमीन शेतकऱ्याला आयती मिळालेली नव्हती. त्याच्या पूर्वजांनीं ती समुद्रापासून सोडवून घेतली होती.

परंतु समुद्र हटविणारा एक आणि जमिनीचा धनी दुसरा, असा कुलाबा जिल्ह्याचा दीर्घकाळ रिवाज होता. खोत आणि सावकार यांच्या वहींत कुळाचें नांव असे तें देणेंकरी म्हणून. या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यांतील चरी गांवीं १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखालीं कुळांनीं जमीन कसण्याचें नाकारलें. तो संप १९३९ पर्यंत चालला. पोटाला न मिळालें तरी चालेल, पण खोताचें शेत नांगरावयाचें नाहीं, हा त्यांचा निर्धार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं या कुळांचा पक्ष घेतला आणि १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोतीपद्धति नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. तें विधेयक तेव्हां संमत झालें नाहीं. तथापि कुलाब्याच्या शेतकऱ्याला त्यांतून एक धडा मिळाला. बांधावरचा संप आणि कायदेमंडळांतील कलम हीं एकाच नांगराला जुंपलेलीं दोन बैलें आहेत. एकावांचून दुसरें चालत नाहीं.

दि. बा. पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजीं उरण तालुक्यांतील जासई या गांवीं, आगरी शेतकरी समाजांत झाला. चरीचा संप सुरू झाला तेव्हां ते सात वर्षांचे होते आणि तो मिटला तेव्हां तेरा वर्षांचे. त्या समाजांत त्या काळीं शाळेचें तोंड पाहणारीं मुलेंहि थोडीं असत. पदवीपर्यंत पोंचणारीं तर बोटांवर मोजण्याजोगीं. अशा परिस्थितींत त्यांनीं कायद्याची पदवी संपादन केली आणि पनवेल हें आपलें कार्यक्षेत्र केलें. तालुक्याचें ठिकाण, मामलेदार कचेरी, दिवाणी कोर्ट आणि भाताचा बाजार असलेलें तें गांव. सातबाराचा उतारा, फेरफाराची नोंद, कुळाचा दाखला यांसाठीं खेड्यांतला माणूस येथेंच येणार. अशा माणसाला आपल्याच बोलींत बोलणारा वकील भेटणें ही गोष्ट आज साधी वाटेल. त्या वेळीं ती साधी नव्हती.

ते शेतकरी कामकरी पक्षांत गेले. हा पक्ष १९४७-४८ च्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृति मंडळींनीं उभारलेला. जे बहुजन समाजांतील कार्यकर्ते काँग्रेसमध्यें असमाधानी होते, त्यांचा तो पक्ष. नारायण नागू पाटील यांच्यामुळें कुलाबा जिल्ह्यांत त्याची मुळें खोल गेलीं. १९५७ सालीं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा जोर होता. त्या लाटेंत पनवेल मतदारसंघानें दि. बां.ना विधानसभेंत पाठविलें. त्यांचें वय तेव्हां एकतीस वर्षांचें होतें.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं १ एप्रिल रोजीं कुळकायद्यान्वये ‘कृषक दिन’ आला, आणि कसणारीं लाखों कुळें कायद्याच्या दृष्टीनें आपापल्या जमिनीचीं मालक ठरलीं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नांवावर असलेलें शेत आपल्या नांवावर चढलें, ही भावना काय असेल याची कल्पना करावी. पुढील घटनांचा विचार करतांना ही तारीख विसरूं नये. ती मालकी हातीं येऊन तेरा वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं, तोंच दुसरा कागद आला.

मुंबई बेटावर माणसांची दाटी असह्य झाली होती. खाडीपलीकडे, पूर्व किनाऱ्यावर एक जुळें शहर वसवावें, अशी सूचना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघां तज्ज्ञांनीं १९६५ च्या सुमारास मांडली. सरकारला ती पटली. १९७० च्या फेब्रुवारींत भूसंपादनाची अधिसूचना निघाली. १७ मार्च १९७० रोजीं शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेली सिडको, स्थापन झाली. ठाणें, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गांवें आणि सुमारें ३४४ चौरस किलोमीटर प्रदेश या नव्या शहराच्या नकाशांत आला. नकाशा सुंदर होता. त्यांत रस्ते होते, उद्यानें होतीं, रेल्वे होती, बाजारपेठा होत्या. ज्या गांवांच्या शेतांवर हें सारें काढलें होतें, तीं गांवें मात्र त्या नकाशांत लहान लहान ठिपक्यांसारखीं दिसत होतीं.

येथें, श्रोतेहो, थोडें कायद्याकडे वळावें लागेल. कारण साऱ्या हकीकतीचें मर्म तेथें आहे. सरकारनें जमीन घेतली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालीं. हा कायदा इंग्रजांचा. सार्वजनिक कामांसाठीं जमीन सक्तीनें घेण्याचा अधिकार सरकारला देणारा. त्यांत मोबदला कसा ठरवावा हें सांगितलें होतें. अधिसूचना ज्या दिवशीं निघाली त्या दिवशींचा बाजारभाव पाहावा, सक्तीबद्दल त्यावर शेंकडा १५ जादा द्यावे, काम संपलें. आतां १९७० च्या फेब्रुवारींत खाडीकांठच्या भातशेताचा बाजारभाव तो किती असणार? आणि प्रत्यक्ष निवाडे होऊन पैसे हातीं पडावयास कित्येकांच्या बाबतींत दहा-पंधरा वर्षें लोटलीं. तोंवर शेजारीं इमारती उभ्या राहूं लागल्या होत्या, पण शेतकऱ्याचा भाव १९७० च्या फेब्रुवारींतच उभा होता.

याहून महत्त्वाचें कलम पुढेंच होतें. मोबदला ठरवितांना कोणत्या गोष्टी विचारांत घेऊं नयेत, याची यादी त्या कायद्याच्या २४ व्या कलमांत दिली होती. त्या यादींत एक गोष्ट अशी होती कीं, जमीन ज्या कामासाठीं घेतली जात आहे त्या कामामुळें तिची किंमत वाढणार असेल, तर ती वाढ हिशेबांत धरावयाची नाहीं. म्हणजे शेतावर शहर बसणार, त्या शहरामुळें मातीचें सोनें होणार, परंतु त्या सोन्याचा एक कणहि मूळ धन्याला मिळूं नये, असें कायद्यानें स्पष्ट शब्दांत सांगितलें होतें. हा अधिकाऱ्याचा लहरीपणा नव्हता किंवा कोर्टाची चूक नव्हती. तो कायदाच होता.

ज्याला कायदा कळत नाहीं तो म्हणतो, भाव कमी दिला, भाव वाढवून द्या. भावाचें भांडण कोर्टांत जातें, तेथें कांहीं पैसे वाढतात, आणि तें तेथेंच मिटतें. ज्याला कायदा कळतो त्याला दिसतें कीं, न्यायाधीश कितीहि दयाळू असला तरी वाढीव मूल्याचा वांटा तो देऊंच शकत नाहीं; त्याचे हात कायद्यानें बांधलेले आहेत. तो वांटा मिळावयाचा असेल तर तो कोर्टाच्या बाहेरच मिळवावा लागेल, विधानसभेंत आणि रस्त्यावर. दि. बां.च्या साऱ्या सार्वजनिक जीवनाचा कल पाहिला म्हणजे त्यांनीं हें ओळखलें होतें असें माझें मत झालें आहे. भावाची लढाई त्यांनीं सोडली नाहीं. पण तिच्या पलीकडे जाऊन त्यांनीं एक नवा हक्क मांडला. शेतकरी हा केवळ जमीन विकणारा नसून त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या शहराचा भागीदार आहे, हा तो हक्क होय.

विधानसभेंत त्यांचें स्थान आतां मोठें झालें होतें. पनवेलनें त्यांना १९५७, १९६२, १९६७ आणि १९७२ अशा चार निवडणुकींत निवडून दिलें, आणि मागाहून १९८० सालीं पांचव्यांदा. १९७२ नंतर ते विधानसभेंत विरोधी पक्षनेते झाले, आणि १९८२-८३ मध्यें पुन्हां त्यांच्याकडे तें पद आलें. आणीबाणीनंतर १९७७ सालीं कुलाबा मतदारसंघानें त्यांना लोकसभेंत पाठविलें. पनवेल सोडून ते दिल्लीस गेले खरे, पण सिडकोच्या गांवांचा प्रश्न त्यांनीं मागें ठेवला नाहीं. पनवेलांतील त्यांच्या घराचें नांव ‘संग्राम’ होतें. त्या घराचें दार गांवोगांवच्या प्रकल्पग्रस्तांच्या ओळखीचें झालें.

जानेवारी १९८४ मध्यें हा प्रश्न चिघळला. उरण भागांत नव्या बंदरासाठीं व शहरासाठीं जमिनीचा ताबा घेण्याचें काम नेटानें सुरू झालें होतें. शेतकऱ्यांनीं विरोध केला. १६ जानेवारी रोजीं जासईजवळ दास्तान फाट्याच्या परिसरांत आणि १७ जानेवारी रोजीं पागोटें गांवाकडे पोलिसांचा गोळीबार झाला. दोन दिवसांत पांच शेतकरी प्राणास मुकले. जासई हें दि. बां.चें जन्मगांव. ज्या शिवारांत ते लहानाचे मोठे झाले, त्याच शिवारांत त्यांच्या हांकेला ओ देऊन आलेलीं माणसें पडलीं.

पुढारीपणाचा सर्वांत कठीण प्रसंग तो हाच. लोकांना पुढें बोलावणें सोपें असतें. त्यांच्यापैकीं कांहीं परत गेले नाहींत म्हणजे त्या बोलावण्याचें ओझें जन्मभर वाहावें लागतें. त्या पांच घरांत दिवा विझला तो कोणत्याहि शासननिर्णयानें पुन्हां पेटणार नव्हता. सरकारचा दोष होता, हें खरें; बंदुकीचा चाप ज्यानें ओढला आणि ज्यानें ओढविला, त्यांची जबाबदारी कोणी कमी करूं नये. परंतु इतिहास लिहितांना हेंहि नमूद केलें पाहिजे कीं, साडेबारा टक्क्यांचा जो आंकडा पुढें कागदावर आला, तो प्रथम रक्तानें लिहिला गेला होता. दरवर्षीं जानेवारींत जासई आणि पागोटें येथें लोक जमतात ते याच आंकड्याची किंमत आठवण्यासाठीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस लोकसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक. सहानुभूतीच्या लाटेंत काँग्रेसला देशांत चारशेंहून अधिक जागा मिळाल्या. महाराष्ट्रांतहि विरोधकांचीं मोठमोठीं झाडें उन्मळून पडलीं. अशा वेळीं कुलाब्यानें शेतकरी कामकरी पक्षाच्या दि. बां.ना निवडून दिलें. सारा देश एका शोकांत मत देत होता. हा जिल्हा दुसऱ्या शोकांत मत देत होता, असें म्हटलें तर तें चुकीचें होणार नाहीं.

१९८४ सालींच संसदेनें जुन्या भूसंपादन कायद्यांत दुरुस्ती केली होती. सक्तीबद्दलची जादा रक्कम शेंकडा १५ वरून शेंकडा ३० झाली. निवाडा दोन वर्षांच्या आंत व्हावा असें ठरलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें हें पाऊल पुढचें होतें. परंतु तें २४ वें कलम आपल्या जागीं तसेंच राहिलें. शहरामुळें वाढलेल्या मूल्यांत धन्याला वांटा नाहीं, हें तत्त्व दिल्लीनें सोडलें नव्हतें. न्हावा-शेवा येथील बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें; जहाजें आलीं, पेट्यांचे डोंगर उभे राहिले, आणि बांधावरचा माणूस ते डोंगर पाहत उभा राहिला.

दिल्लीनें जें सोडलें नाहीं, तें शेवटीं मुंबईनें सोडलें. ६ मार्च १९९० रोजीं महाराष्ट्र सरकारनें साडेबारा टक्के योजनेचा निर्णय काढला, आणि १९९४ च्या ऑक्टोबरांत त्यांत सुधारणा केली. या योजनेचा अर्थ एका उदाहरणानें सांगतों. एखाद्या शेतकऱ्याची एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन गेली असें समजा. तिचे साडेबारा टक्के म्हणजे पांच गुंठे. त्यांतून रस्ते, शाळा इत्यादि सार्वजनिक सोयींसाठीं शेंकडा ३० वजा केले म्हणजे साडेतीन गुंठे राहतात. सुमारें ३५० चौरस मीटर. एवढा विकसित भूखंड, पाणी, रस्ता आणि वीज जवळ असलेला, त्या शेतकऱ्याला नव्या शहरांत मिळावयाचा. चाळीस गुंठ्यांच्या ठिकाणीं साडेतीन गुंठे, हा सौदा कानाला अन्यायाचा वाटतो. परंतु तें शेत नव्हतें. तें शहर होतें. १९७० चा भाव आणि नव्या शहरांतला भाव यांत जें अंतर पडलें होतें, त्यांतला कांहीं भाग या साडेतीन गुंठ्यांच्या रूपानें परत धन्याच्या दारीं आला.

आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट तत्त्वाची होती. १८९४ च्या कायद्यानें जी वाढ हिशेबांत धरूं नये म्हणून बजावलें होतें, तीच वाढ आतां सरकारनें आपल्या हातानें शेतकऱ्याशीं वांटून घेतली. कायद्याचें कलम कोठेंहि खोडलें नव्हतें. पण त्याच्या शेजारीं लोकांनीं दुसरें कलम लिहविलें होतें.

येथेंच थांबलों तर हें भाषण गौरवाचें होईल, इतिहासाचें होणार नाहीं. या योजनेचीं उणींहि सांगितलीं पाहिजेत. पहिलें उणें असें कीं, वांटा मोजला तो सातबाराच्या उताऱ्यावरून. ज्याचें नांव उताऱ्यावर, त्याला भूखंड. मिठागरांत राबणारा मजूर, खाडींत जाळें टाकणारा कोळी, दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणारा कातकरी, यांचेंहि उपजीविकेचें साधन त्याच नकाशाखालीं गाडलें गेलें होतें. परंतु उताऱ्यावर त्यांचें नांव नव्हतें, म्हणून वांट्यांतहि नव्हतें. चरीच्या संपांत जो प्रश्न कुळांनीं विचारला होता, कीं राबणाऱ्याचा हक्क मोठा कीं कागदाचा, तो प्रश्न येथें पुन्हां उभा राहिला, आणि या वेळीं कालचें कूळच कागदाच्या बाजूला उभें होतें.

दुसरें उणें विलंबाचें. भूखंड हातीं येईपर्यंत कित्येकांचे केस पांढरे झाले. कित्येकांच्या वारसांनीं ते घेतले. मधल्या काळांत दलाल दारोदार फिरले. भूखंड मिळण्यापूर्वींच त्याचा हक्क थोडक्या रकमेंत विकून टाकलेलीं घरें थोडींथोडकीं नाहींत. जो पैसा आला तो गाडी, लग्न आणि बंगला यांत गेला, आणि पुढच्या पिढीच्या हातीं ना शेत राहिलें ना भूखंड. तिसरें उणें असें कीं, भूखंड प्रथम दिले ते ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानें. समुद्राकडून जमीन सोडविणाऱ्याच्या वंशजाला त्याच जमिनीचा भाडेकरी व्हावें लागलें. शिवाय गांवठाणें वाढलीं नाहींत. वाढत्या कुटुंबांनीं गांवठाणाबाहेर आपल्याच जुन्या जमिनींत घरें बांधलीं, तीं ‘अनधिकृत’ ठरलीं, आणि तो वाद पुढें वर्षानुवर्षें चालत राहिला.

या उण्यांची जबाबदारी एकट्या दि. बां.वर टाकणें योग्य नव्हे. पण त्यांच्या विजयाचें मोजमाप करतांना तीं वगळणेंहि योग्य नव्हे. राजकारणांतहि त्यांचा मार्ग अखेरपर्यंत सरळ रेषेंत गेला असें नाहीं. ज्या पक्षांत त्यांनीं चार तपें काढलीं, तो पक्ष सोडून १९९९ सालीं ते शिवसेनेंत गेले. त्यांच्या जुन्या सोबत्यांना तें रुचलें नाहीं. मतदारांनींहि त्यांना पुन्हां लोकसभेचें दार उघडलें नाहीं. परंतु पनवेलच्या शेतकऱ्यानें त्यांचा हिशेब पक्षाच्या वहींत मांडला नाहीं. तो त्यानें बांधाच्या वहींत मांडला; आणि त्या वहींत त्यांच्या नांवावर जमाच अधिक निघाली.

२४ जून २०१३ रोजीं पनवेल येथें दि. बां.चें निधन झालें. ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. पुढें दोनच महिने लोटले असतील. ऑगस्ट-सप्टेंबर २०१३ मध्यें संसदेनें १८९४ चा तो कायदा रद्द करून त्याच्या जागीं भूसंपादनाचा नवा कायदा संमत केला. १ जानेवारी २०१४ पासून तो अंमलांत आला. त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत एक तरतूद आहे. शहर वसविण्यासाठीं जमीन घेतली असेल, तर विकसित जमिनीपैकीं शेंकडा २० जमीन, जमीन गेलेल्या कुटुंबांसाठीं राखून ठेवावी आणि ती संपादन व विकास यांच्या खर्चाइतक्या किंमतींत त्यांना देऊं करावी. पनवेलच्या विमानतळासाठीं ज्या गांवांनीं घरेंदारें सोडलीं, त्यांच्याशीं झालेल्या करारांत तर हें प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेलें.

जासईच्या बांधावर जो हक्क मागितला तो चुकीचा आहे, असें १८९४ चा कायदा सांगत होता. १९८४ सालीं त्या हक्कासाठीं माणसें मेलीं, तेव्हांहि तो कायदा तेंच सांगत होता. १९९० सालीं एका राज्यानें तो हक्क मान्य केला, आणि २०१३ सालीं साऱ्या देशाच्या कायद्यानें त्याला जागा दिली. हें सारें एका माणसानें केलें असें कोणी म्हणूं नये. देशांत ठिकठिकाणीं शेतकरी लढले, पुष्कळ ठिकाणीं रक्त सांडलें, तेव्हां हा कायदा आला. परंतु ज्या थोड्या ठिकाणीं या तत्त्वाला प्रथम मूर्त रूप मिळालें, त्यांत पनवेल-उरणचें नांव पुढें घ्यावें लागेल.

वकिलीची पदवी अनेकजण घेतात. कोणी तिच्या बळावर आहे त्या कायद्यांत आपल्या पक्षकाराचा फायदा शोधतो. तोहि प्रामाणिक धंदा आहे. परंतु कायद्याचें पुस्तक वाचून त्यांत आपल्या लोकांसाठीं जागाच नाहीं असें ज्याच्या ध्यानांत येतें, आणि ती जागा करण्यासाठीं जो पांच वेळां विधानसभेंत, दोन वेळां लोकसभेंत आणि असंख्य वेळां बांधावर जातो, त्याची वकिली निराळी. पनवेलच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला खिडकींतून खाली पाहिलें असतां काँक्रीट दिसेल, खाडी दिसेल, आणि दूर कोठें तरी एखादा जुना मातीचा बांध दिसेल. त्या बांधाला खिंड पडूं नये म्हणून गांवानें मिळून राखण करावयाची असते. जमिनीच्या हक्काचेंहि तसेंच आहे. ती राखण ज्यानें आयुष्यभर केली त्याच्या नांवाचा हट्ट शेतकऱ्यांनीं कां धरला, हें आतां निराळें सांगण्याची गरज उरत नाहीं.